कळ दाबल्यानंतर

मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या बटणावर बोट टेकले की पुढच्याच क्षणी काहीतरी घडते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या दोन क्षणांच्या मध्ये एक संपूर्ण व्यवस्था उभी असते आणि तिला तिचे नियम, तिचा शिरस्ता व तिचा स्वतंत्र इतिहास आहे, याचे भान वापरणाऱ्याला क्वचितच राहते. बटण स्वतः काहीच करीत नाही. पैसे पाठविणे, अर्ज दाखल करणे, रेल्वेचे आसन राखून ठेवणे यांपैकी कोणतेही सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. आपल्यावर दाब पडला एवढी वर्दी देणे, इतकेच त्याचे कर्तव्य. ती वर्दी कोणी ऐकावी, ऐकणाऱ्याने काय करावे आणि ऐकण्याचे काम कधी थांबवावे, हे सारे दुसरीकडे ठरते.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची आवारे उभी राहिल्यापासून, आणि शहरात लहानमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मूळ धरल्यापासून, एके काळी शहराबाहेरचे खेडे असलेल्या आमच्या खजरान्यातही या व्यवस्थेचे कारागीर जागोजागी भेटू लागले आहेत. ‘इव्हेंट फायर होतोय, पण लिसनर लागलाच नाही’ असे वाक्य पोह्यांच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या तरुणांच्या बोलण्यात सहज येऊन जाते, आणि जवळच्या वडीलधाऱ्यांना त्याचा काहीच उलगडा होत नाही. तो उलगडा व्हावा, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

आरंभीच्या काळी, माणूस संगणकासमोर बसून काम करू लागल्यावरसुद्धा, प्रोग्रामचा कारभार एकहाती असे. तो प्रथम एक प्रश्न विचारी, उत्तर येईपर्यंत थांबून राही, मग दुसरा विचारी. नाव मागितले असता जन्मतारीख आधी देण्याची मुभा नसे, आणि पाचव्या प्रश्नावर आल्यानंतर पहिले उत्तर दुरुस्त करावेसे वाटले तर बहुधा सगळे नव्याने आरंभावे लागे. क्रम ठरविण्याचा अखत्यार यंत्राचा, आणि माणसाने त्याच्यापुढे हजर राहून विचारले तेवढेच सांगायचे. आज आपण एखादा फॉर्म मधूनच भरतो, वर जातो, खाली येतो, एक रकाना खोडतो आणि वाटल्यास सगळेच सोडून निघून जातो. हे स्वातंत्र्य मिळण्यासाठी प्रोग्रामला आपला पुढाकार सोडून द्यावा लागला आणि वाट पाहण्याची विद्या शिकावी लागली. सॉफ्टवेअरच्या इतिहासात या स्थित्यंतराइतके मोठे आणि इतके कमी चर्चिले गेलेले स्थित्यंतर, माझ्या मते, दुसरे नाही.

बाहेर काय घडते आहे हे यंत्राला कळण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला असा की, त्याने स्वतःच पुन्हापुन्हा चौकशी करीत राहावे: कळफलकावर कळ दाबली गेली काय, छपाईयंत्र मोकळे झाले काय, फीत वाचून संपली काय. याला पोलिंग म्हणतात, आणि यात बहुतेक चौकशांचे उत्तर ‘नाही’ असेच येत असल्याने यंत्राचा वेळ निष्फळ जातो. दुसरा मार्ग असा की, यंत्राने आपले काम चालू ठेवावे आणि काही घडल्यास त्या उपकरणानेच त्याला थांबवून सांगावे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने बांधलेल्या डायसियाक या संगणकात १९५४ साली बाहेरच्या उपकरणांसाठी हा दुसरा मार्ग अवलंबिण्यात आला. त्याला इंटरप्ट म्हणतात, आणि आपल्या हातातल्या फोनवर बोट टेकल्याची पहिली खबर आजही साधारण याच रीतीने आत पोहोचते.

परंतु खबर यंत्राला कळणे आणि ती पडद्यावरील विशिष्ट चित्राला उद्देशून आहे असे ठरणे, यांत मोठे अंतर होते. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतील टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड हा प्रोग्राम घडविला, ज्यात प्रकाशलेखणीने पडद्यावरच रेषा ओढता येत आणि ओढलेली आकृती धरून हलविता येई. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे प्रात्यक्षिक जाहीर सभेत करून दाखविले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास ऑल्टो हा संगणक आणि त्याच दशकात स्मॉलटॉक ही भाषा सिद्ध झाली. तेथेच १९७९ साली पाहुणे म्हणून आलेले नॉर्वेचे त्रिग्व्हे रेन्सकाउग यांनी माहिती, तिचे दर्शन आणि वापरणाऱ्याच्या हालचालींचे नियंत्रण या तीन जबाबदाऱ्या वेगळ्या राखण्याची ती प्रसिद्ध विभागणी मांडली, जिची छाया आजच्या बहुतेक इंटरफेसच्या रचनेवर पडलेली दिसते. १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि १९८५ च्या अखेरीस निघालेल्या पहिल्या विंडोजने ही विद्या प्रयोगशाळेतून काढून सामान्य लेखनिकाच्या मेजावर आणून ठेवली.

आता एका साध्या क्लिकचीच निकट तपासणी करू. माउसचे बटण खाली गेले की ब्राउझर प्रथम ‘खाली गेले’ अशी एक वर्दी देतो. घटक फोकस घेणारा असेल तर ‘लक्ष येथे आले’ अशी दुसरी वर्दी येते. बोट उचलले की ‘वर आले’ अशी तिसरी, आणि या सगळ्यांच्या नंतर, दाबणे व सोडणे ही दोन्ही त्याच बटणावर झाली असतील तरच, ‘क्लिक’ ही चौथी वर्दी निघते. म्हणूनच ‘रक्कम पाठवा’ या बटणावर दाब दिल्यावर मनात शंका आली, आणि बोट न उचलता माउस बाजूला सरकवून मग सोडला, तर पैसे जात नाहीत. माणसाला निर्णय फिरविण्यासाठी ठेवलेली ही अर्ध्या क्षणाची सवलत ज्या प्रोग्रामरने ‘क्लिक’ ऐकण्याऐवजी ‘खाली गेले’ हीच वर्दी ऐकली, तो आपल्या वापरणाऱ्याकडून नकळत काढून घेतो. कोणती घटना, म्हणजे इव्हेंट, ऐकायची ही निवड दिसते क्षुल्लक, पण तिच्यात दुसऱ्याच्या हिताचा विचार अंतर्भूत आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मोबाइलने दाखवून दिले. पडद्यावर दोनदा झटपट बोट टेकल्यास पान मोठे व्हावे, अशी सोय केल्यामुळे, पहिल्या टेकण्यानंतर दुसरे येते की काय हे पाहण्यासाठी मोबाइलचे ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबून मगच ‘क्लिक’ची वर्दी देत. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतचा विलंब माणसाला जाणवत नाही, त्यापलीकडचा जाणवू लागतो, असा या क्षेत्रातला जुना अनुभवसिद्ध दाखला आहे. त्यामुळे ही प्रतीक्षा मंद, चिकट भासे, आणि वेबपृष्ठे ॲपच्या मानाने सुस्त आहेत अशी तक्रार सार्वत्रिक झाली. पुढे, मोबाइलच्या रुंदीनुसार मांडलेल्या पानांपुरती ही प्रतीक्षा ब्राउझरांनी काढून टाकली.

या सर्व वर्द्या एका रांगेत लागतात. प्रोग्रामचा मुख्य भाग एक अखंड फेरा घालीत असतो: रांगेतील पहिली घटना घ्यावी, ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या हवाली करावी, त्याचे काम पुरे होईपर्यंत थांबावे, मग पुढची घ्यावी. एका वेळी एकच, आणि तीही आली त्या क्रमाने, हा दंडक मुद्दाम घातलेला आहे. कारण दोन हात एकाच वेळी एकच नोंद बदलू लागल्यास जो घोटाळा माजतो, तो निस्तरणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. पण या दंडकाची किंमत अशी की, ज्याच्या हवाली घटना केली त्याने तिथेच दीर्घ काम आरंभले, म्हणजे दूरच्या सर्व्हरकडून दहा हजार नोंदी मागवून त्या येईपर्यंत ठाण मांडले, तर मागची सगळी रांग खोळंबते. बटणे दाबली जातात पण उठत नाहीत, अक्षरे टाइप होतात पण दिसत नाहीत. अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपने बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंदांत दाद दिली नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ असा फलक प्रणाली स्वतःच लावते आणि ते बंद करण्याचा पर्याय पुढे करते. तेव्हा ऐकणाऱ्याने वर्दी घ्यावी, जरूर ती नोंद करावी, मोठे काम असेल तर ते दुसरीकडे सोपवावे आणि त्वरित मोकळे व्हावे.

ऐकणारा, म्हणजेच लिसनर, कोण, हे ठरविण्याच्या पद्धतीत मात्र बरेच फेरफार झाले, आणि त्यांतील जावा भाषेचा वृत्तान्त विशेष बोधप्रद आहे. १९९६ साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत बटणाची घटना प्रथम बटणाकडेच जाई. त्याने दखल घेतली नाही तर ते बटण ज्या चौकटीत बसविलेले असेल तिच्याकडे, तिनेही नाकारली तर त्याच्या वरच्या चौकटीकडे, अशी ती पायरीपायरीने वर चढे. बटणाने काही वेगळे करावे अशी इच्छा असेल तर बटणापासून नवा पोटप्रकार निर्माण करावा लागे, किंवा वरच्या चौकटीत बसून ‘हे बटण का? ते बटण का?’ अशी लांबलचक पृच्छा लिहावी लागे. माउस नुसता हलला तरी, ती हालचाल कोणाला हवी असो वा नसो, ही सगळी यातायात होई. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीत हा शिरस्ता मोडून दुसरा घालण्यात आला: ज्याला ऐकायचे असेल त्याने त्या बटणाकडे जाऊन आपले नाव नोंदवावे, आणि बटणाने फक्त नोंदलेल्यांनाच कळवावे. नोंदविण्याच्या या आज्ञेचे नाव ॲड-ॲक्शन-लिसनर. बटणाला ऐकणारा कोण आहे, तो पुढे काय करणार आहे, याचे काहीही ज्ञान नसते. ऐकणाऱ्याने ठरावीक नमुन्याची एक आज्ञा अंगी बाळगली आहे, एवढीच अट त्याला पुरते. १९९४ साली एरिक गॅमा व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअर-रचनेतील वारंवार येणाऱ्या नमुन्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ऑब्झर्व्हर या नावाने हीच कल्पना वर्णिलेली आहे.

खजरान्याच्या गणेशमंदिरातील एक प्रथा या ठिकाणी आठवते, आणि ती केवळ स्थानप्रेमामुळे आठवते असे नाही. हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारले अशी परंपरा आहे. आक्रमणाच्या भयाने मूर्ती विहिरीत लपविलेली होती आणि स्वप्नदृष्टांतावरून ती पुढे बाहेर काढली गेली, असेही सांगतात. बुधवारी येथे भाविकांची रीघ लागते, तिळी चतुर्थीला जत्रा भरते, आणि याच वस्तीत नाहरशहा वलींचा दर्गा असल्याने तिकडे जाणाऱ्यांची वर्दळही त्याच रस्त्यांवर मिसळलेली असते. या मंदिराच्या मागच्या भिंतीवर नवस बोलणारे लोक उलटा स्वस्तिक काढतात, आणि मनोरथ पूर्ण झाला म्हणजे परत येऊन सरळ स्वस्तिक काढतात. उलट्या स्वस्तिकाने एक अपेक्षा रुजू होते. ती रुजू करणारा मनुष्य भिंतीपाशी ताटकळत बसत नाही, रोज येऊन ‘झाले काय?’ म्हणून विचारीतही नाही, तर आपल्या संसाराला लागतो. आणि गोष्ट घडून आली की, त्या नोंदीचा निकाल लावण्यासाठी त्याने परत येणे हा प्रथेचा दुसरा आणि तितकाच आवश्यक भाग आहे. लिसनर नोंदविणे आणि काम झाल्यावर ती नोंद काढून घेणे यांचे नाते असेच आहे. साम्य याहून पुढे ताणू नये, कारण भिंत कोणाला बोलावणे धाडीत नाही आणि बटणाचे तर तेच मुख्य काम. पण दुसऱ्या स्वस्तिकाची आठवण ठेवण्यासारखी आहे, कारण प्रोग्रामर नेमके तेच विसरतात.

नोंद काढली नाही तर काय होते? समजा, एका पानावर तिकिटांची यादी दाखविणारा भाग आहे, आणि खिडकीचा आकार बदलला की यादीने स्वतःला नीट मांडून घ्यावे म्हणून त्याने खिडकीकडे आपला लिसनर नोंदविला आहे. वापरणारा दुसऱ्या भागात गेला, यादी पडद्यावरून नाहीशी झाली. पण खिडकीच्या वहीत तिची नोंद कायम आहे, आणि जोवर ती आहे तोवर यादी व तिने धरून ठेवलेली सगळी माहिती स्मृतीतून मोकळी करता येत नाही, कारण कोणीतरी तिचा हवाला बाळगून आहे. वापरणारा पुन्हा यादीवर आला की नवी यादी, नवी नोंद. असे वीस वेळा झाले तर खिडकी जराशी हलताच वीस याद्या स्वतःला मांडू लागतात, ज्यांपैकी एकोणीस कोणालाच दिसत नाहीत. ॲप सकाळी चपळ आणि संध्याकाळी जड का वाटते, या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हाच दोष सापडतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत तर पान सोडून गेल्यावरसुद्धा अशी अडकलेली स्मृती सुटत नसे.

नोंद काढण्यात एक बारीक अट आहे, जिच्यापाशी शिकाऊ हमखास अडतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर या आज्ञेला तेच फंक्शन द्यावे लागते जे नोंदविताना दिले होते. तसेच दिसणारे, अक्षरशः त्याच मजकुराचे दुसरे फंक्शन चालत नाही. त्यामुळे जागच्या जागी लिहिलेले, नाव न दिलेले फंक्शन नोंदविले की ते पुढे ओळख पटवून काढून घेता येत नाही. यासाठी नोंदवितानाच ‘एकदाच’ अशी अट घालण्याची सोय आता भाषेत आहे, तसेच अनेक नोंदींना एकच रद्दखूण जोडून त्या सगळ्या एका आज्ञेने काढण्याचीही सोय आहे. रिॲक्टसारख्या चौकटीत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, एखादा भाग पडद्यावर येताना जे काम होते, त्याच्या शेजारीच तो जाताना करावयाचे आवरसावरीचे काम लिहिण्याची जागा राखून ठेवलेली असते. ती रिकामी ठेवण्याची सवय मला चिंताजनक वाटते.

ब्राउझरमध्ये ऐकण्याच्या पद्धतीवरून एके काळी मोठी तेढ होती. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट दहा दिवसांत घडविली, तेव्हा बटणाच्या वर्णनातच ‘क्लिक झाल्यास अमुक करावे’ असे लिहून देण्याची साधी रीत होती. १९९७ साली नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या निघाल्या आणि एका प्रश्नावर त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना झाली. बटण एका ओळीत, ओळ एका तक्त्यात, तक्ता पानात, अशी रचना असता बटणावरचा क्लिक एकाच वेळी या सर्वांवरचा क्लिक असतो. मग प्रथम कोणाला कळवावे? नेटस्केप म्हणे, बाहेरून आत: आधी पानाला, मग तक्त्याला, शेवटी बटणाला. मायक्रोसॉफ्ट म्हणे, आतून बाहेर: बटणापासून आरंभ करून पाण्यातल्या बुडबुड्याप्रमाणे वर. दोन्ही ब्राउझरांसाठी पान लिहिणाऱ्याला दोन वेगळे मजकूर लिहावे लागत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नोव्हेंबर २००० मध्ये जो दंडक प्रसिद्ध केला, त्याने दोन्ही दिशा मान्य केल्या: घटना प्रथम बाहेरून आत उतरते, लक्ष्यापर्यंत पोहोचते, आणि मग आतून बाहेर चढते, ऐकणाऱ्याने कोणत्या फेरीत ऐकायचे ते नोंदवितानाच सांगावे. ॲड-इव्हेंट-लिसनर ही आज्ञा या दंडकातली. मायक्रोसॉफ्टने ती २०११ च्या नवव्या आवृत्तीत स्वीकारली, आणि मधली दहा-अकरा वर्षे वेबच्या कारागिरांनी दुहेरी हिशेब राखण्यात घालविली.

या वर चढण्याचा एक सुंदर उपयोग आहे. तक्त्यात हजार ओळी असतील आणि प्रत्येकीला ‘रद्द करा’ असे बटण असेल, तर हजार लिसनर नोंदविण्याची गरज नाही. तक्त्यावर एकच नोंदवावा, आणि वर आलेली घटना मूळ कोणत्या बटणावर घडली ते तिलाच विचारावे. उद्या आणखी शंभर ओळी आल्या तरी नवी नोंद नको, आणि काढण्याचीही चिंता एकाच नोंदीपुरती. मात्र सर्वच घटना वर चढत नाहीत. रकान्यावर लक्ष आल्याची व तेथून गेल्याची वर्दी त्या रकान्यापाशीच विरते, आणि ती वर ऐकू यावी म्हणून वेगळ्या नावाच्या दोन घटना योजाव्या लागल्या.

आजकाल पडद्यावरचे भाग प्रोग्रामर स्वतः घडवितो: तारीख निवडण्याची चौकट, पत्ता भरण्याचा फॉर्म, दर्शनाची वेळ ठरविण्याचा तक्ता. हे भागही आपापल्या घटना जाहीर करतात, आणि त्यांना नावे देण्याचे काम प्रोग्रामरकडे येते. येथे माझे एक आग्रहाचे मत आहे. तारखेच्या चौकटीने ‘तारीख निवडली गेली’ असे सांगावे. ‘दर कमी करा’ किंवा ‘पुढचे पान उघडा’ असे सांगू नये. जे घडले ते सांगणारा भाग उद्या दुसऱ्या पानावर, दुसऱ्या प्रयोजनासाठी जसाच्या तसा बसविता येतो. जे करावे ते सांगणाऱ्या भागाने आपल्या मालकाचे घरदार गृहीत धरलेले असते, आणि घर बदलले की तो निरुपयोगी ठरतो. आतल्या भागाने वर घटना पाठवावी, वरच्या भागाने खाली माहिती पाठवावी, हा व्हूसारख्या चौकटींनी रूढ केलेला परिपाठ याच विचारावर उभा आहे.

ऐकणारा कोणाचे ऐकतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नुसत्या रंगविलेल्या चौकोनाला बटणाचे रूप देऊन त्यावर क्लिकचा लिसनर लावला की डोळस आणि माउस वापरणाऱ्या माणसाचे काम भागते. पण कळफलकानेच सारे करणारा मनुष्य त्या चौकोनापर्यंत पोहोचतच नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीए, टॉकबॅक यांसारख्या साधनांच्या आधारे काम करणाऱ्या अंध व्यक्तीला ते बटण आहे हे कळत नाही. ब्राउझरचे अंगचे बटण घेतले तर एंटर किंवा स्पेस या कळीनेही तोच ‘क्लिक’ निघतो आणि एका लिसनरने सर्वांचे ऐकले जाते. फुकट मिळणारी ही सर्वसमावेशकता केवळ रंगरूपाच्या मोहापायी सोडून देणे समर्थनीय नाही.

मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच सूक्ष्म होतो, आणि बहुतेक पुस्तके इंग्रजी कळफलक गृहीत धरून लिहिलेली असल्याने त्याचा उल्लेखही सापडत नाही. ‘क्षिप्रा’ हा आमच्या माळव्यातील नदीच्या नावाचा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या दफ्तरी मात्र क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, प, हलन्त, र आणि काना अशी आठ चिन्हे नोंदली जातात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह सात ही कळ दाबली की ‘क्ष’ एकदम उमटतो, म्हणजे एका दाबात तीन चिन्हे. आणि पडद्यावर डावीकडे दिसणारा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतर टाइप करावयाचा असतो. तेव्हा जो प्रोग्रामर ‘कळ खाली गेली’ ही घटना ऐकून अक्षरे मोजतो, त्याची मोजदाद पहिल्याच शब्दाला चुकते. त्याने कळीचे न ऐकता रकान्याचे ऐकावे: ‘मजकूर बदलला’ ही इनपुट नावाची घटना कळफलक, ध्वनिलेखन, चिकटविलेला मजकूर या सगळ्यांनंतर सारखीच येते. अँड्रॉइडच्या कळफलकांवर तर दाबलेल्या कळीची खरी ओळख बहुधा मिळतच नाही. प्रत्येक दाबासाठी २२९ हा एकच सांकेतिक आकडा येतो.

रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी मिळविण्याची पद्धत ज्यांना सोयीची वाटते, त्यांच्यासाठी आणखी तीन घटना आहेत: जुळणी आरंभली, जुळणी बदलली, जुळणी संपली. या दरम्यान रकान्यातील शब्द तात्पुरता असतो, त्याच्याखाली रेघ दिसते, आणि सुचविलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडण्यासाठी वापरणारा पुष्कळदा एंटर दाबतो. शोधाच्या रकान्याने एंटर ऐकताच शोध सुरू करावा अशी आज्ञा असेल, तर शब्द पक्का करण्यासाठी दाबलेली कळ शोधाची आज्ञा समजली जाते. जुळणी चालू आहे काय, हे घटनेलाच विचारण्याची सोय आहे, आणि त्यासाठी एक ओळ पुरते. सफारीत ‘जुळणी संपली’ ही वर्दी एंटरच्या आधीच पोहोचत असल्याने तेथे २२९ हा आकडाही पाहून घ्यावा लागतो. चिनी, जपानी व कोरियन लिपींत काम करणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखून उपाय रूढ केले. आपल्याकडच्या फॉर्मांत मात्र ती ओळ अजूनही वरचेवर सुटलेली आढळते, आणि ‘क्षिप्रा’ लिहू पाहणाऱ्याचा ‘क्षिप’ एवढाच तुकडा शोधाला जाऊन ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर त्याच्यापुढे येते.